जपानहून सोडलेलं पहिलं पाणी

जपानला जाऊन आलेला माणूस म्हणून मोताळा तालुक्यात मी पुष्कळ वर्षं मिरवलो. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, बाजारात कोणीतरी हमखास विचारायचं, "काय काय पाह्यलं हो तिकडं?" मग मी बागा सांगायचो, चकचकीत रोगणाची लाकडी भांडी सांगायचो, सोन्याचा वर्ख ठोकणारे कारागीर सांगायचो. ऐकणारे माना डोलवायचे. खरं म्हणजे त्यातलं निम्मं मी नीट पाहिलंच नव्हतं. मी होतो तिकडे आणि जीव होता धामणगाव बढ्याच्या पुढे, नाल्याकाठच्या माझ्या अडीचशे संत्र्यांत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिला सगळंच ठाऊक असतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवं राज्य, नवा हुरूप. शेतकऱ्यांना परदेशातली शेती दाखवून आणायची अशी एक टूम निघाली होती. खामगावच्या प्रदर्शनात माझ्या संत्र्यांना पहिला नंबर मिळाला होता, त्यावरून कोणीतरी माझं नाव वर पाठवलं. राज्यभरातून आठ शेतकरी आणि सोबत एक साहेब, असे नऊ जण. मुक्काम तीन आठवड्यांचा. गावात पेढे वाटले गेले. मी स्वतः मात्र पत्र वाचल्या क्षणापासून अस्वस्थ होतो, कारण निघायची वेळ नेमकी बाग ताणावर असतानाची होती.

ताण म्हणजे काय, ते संत्री न लावणाऱ्यांसाठी सांगतो. हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, आळी मोकळी करायची, बुंध्याजवळची माती हलवून मुळांना हवा दाखवायची. झाड हळूहळू मलूल होतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात. बघवत नाही, पण रोज जाऊन बघावंच लागतं. कारण नेमक्या दिवशी हलकं पाणी दिलं की तेच झाड अंगभर फुलतं. पाणी लवकर दिलं तर पालाच जास्त, फूल कमी. उशीर झाला तर फांद्यांवर सल येते, म्हणजे त्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि हलक्या जमिनीतलं झाड कायमचं जातं. आमच्या जमिनीला चाळीस दिवस म्हणजे पुष्कळ झाले. मी निघालो तेव्हा अठरावा दिवस होता. तीन आठवडे धरले तर एकोणचाळिसाव्या दिवशी मी घरी. हिशेब अगदी बरोबर बसत होता.

निघताना बायकोला विहिरीजवळ उभं करून मी बजावलं, "मी येइस्तोवर पाण्याले हात लावायचा नाई. कोणी काई म्हणो."

"हाव," ती म्हणाली.

ती एवढंच का म्हणाली, त्याला मागच्या वर्षाचं कारण होतं. मागच्या वर्षी मी चार दिवस पाहुण्यांकडे गेलो होतो. पानगळ पाहून तिला राहवलं नाही आणि तिनं आपल्या मनानं पाणी सोडलं. त्या साली बहार बेताचाच आला. आभाळही महिनाभर गढूळ होतं, मावा कीडही पडली होती, पण माझ्या डोक्यात एकच घुसलं. तोडणीला आलेल्या मजुरांसमोर, व्यापाऱ्यासमोर मी तिला नको नको ते बोललो. तिला बागेतलं काय कळतं, असं म्हणालो. खरं तर लग्न होऊन ती आली तेव्हापासून त्या झाडांचं प्रत्येक आळं तिनं ओललं, म्हणजे पाणी देऊन भिजवलं होतं; मी बहुतेक वेळा बांधावरून ओरडत असायचो. त्यानंतर वर्षभर ती बागेत राबली, पण बागेबद्दल एक शब्द बोलली नाही. विचारलं की म्हणायची, "तुमी म्हणसान तसं."

मलकापुरातून गाडीत बसलो आणि मुंबईहून विमानात. विमानाचं मला काही विशेष वाटलं नाही. पाय पसरता येत नव्हते, एवढंच आठवतं. एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही. जेवताना मधेच उठून गोठ्यात डोकावून येणारा माणूस मी, तिथे पट्ट्यानं बांधून ठेवला होता.

जपानच्या पश्चिमेकडच्या समुद्राकाठचा तो भाग. पिढ्यान् पिढ्या हातानं वस्तू करणाऱ्यांचा आणि बागांचा म्हणून त्याचं नाव. शेती दाखवून झाली की दुपारनंतर आम्हाला कारागिरांकडे नेत. मातीच्या वाट्या करणारे, रेशीम रंगवणारे, सोन्याचा वर्ख इतका पातळ ठोकणारे की श्वास सोडला तर उडून जाईल. आमच्यातला एक कोकणातला शेतकरी तासतासभर तोंडाचा आ करून बघत बसायचा. मी दारात उभा राहून बूट पायात घालायची वाट पाहायचो.

चहा प्यायला नेलं तो प्रसंग तर साहेब पुढे कायम ऐकवायचे. गुडघे दुमडून बसायचं. एक म्हातारी बाई पाणी तापवणार, वाटी पुसणार, परत पुसणार, हिरवी पूड घालणार, घोटणार. सगळं इतकं संथ की माझ्या पायांना मुंग्या आल्या आणि डोक्यालाही. वाटी हातात आली तशी मी एका घोटात रिकामी केली, खाली ठेवली आणि हिंदीत विचारलं, "हो गया?" दुभाष्यानं त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, म्हातारीनं कमरेत वाकून मला नमस्कार केला. मला थोडी लाज वाटली, पण उठायला मिळालं याचाच आनंद जास्त झाला.

हा दुभाष्या म्हणजे तिथलाच एक विद्यार्थी. हिंदी शिकलेला, पण पुस्तकातली. पाण्याला तो जल म्हणायचा आणि झाडाला वृक्ष. माझी हिंदी आमच्याकडच्या बाजारातली. तरी आमचं जमलं.

तिथल्या मोठ्या बागेत त्यानं मला नेलं तो दिवस लक्षात आहे. पाईनच्या जुन्या झाडांच्या मधोमध उंच बांबू उभे केले होते आणि प्रत्येक बांबूच्या टोकापासून एकेका फांदीपर्यंत दोरी ताणलेली, छत्रीच्या काड्यांसारखी. बर्फाच्या भारानं फांदी मोडू नये म्हणून. एक माळी शिडीवर चढून गाठी तपासत होता. साठीच्या पुढचा असेल.

"याले फळ काय येतं?" मी विचारलं.

काहीच नाही, असं उत्तर आलं.

"लाकूड?"

तेही तोडत नाहीत.

मला रागच आला. आमच्याकडे फळाचं झाड तहानेनं मरायला टेकवतो आणि इथे बिनफळाच्या झाडाच्या एकेका फांदीला आधार. मी ते बोलून दाखवलं. माळी शिडीवरून खाली उतरला. ताण म्हणजे काय, किती दिवस, पानं किती गळू द्यायची, सगळं त्यानं बारकाईनं विचारून घेतलं. मी सांगितलं तसं बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "म्हणजे तुमची झाडं आज तहानलेली आहेत?"

"हो. आज चौतिसावा दिवस."

त्यानं परत शिडीकडे पाहिलं आणि वर चढून पुढची गाठ तपासायला लागला. मला वाटलं होतं तो आमच्या पद्धतीचं कौतुक करील.

त्याच रात्रीपासून बर्फ पडायला लागलं. सकाळी खिडकी अर्धी बुजली होती. दुसऱ्या दिवशी आगगाड्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी रस्ते. म्हातारे लोकसुद्धा म्हणायला लागले की असं बर्फ आम्ही पाहिलं नाही. घरांच्या छपरांवर चढून माणसं फावड्यांनी बर्फ ढकलत होती आणि ते खालच्या रस्त्यावर साचून रस्ता छपरापर्यंत वर येत होता. आमचं परतीचं विमान आमच्याविना गेलं.

बाकीचे सात जण मजेत होते. गरम पाण्याची अंघोळ, गरम भात, मुळ्याचं लोणचं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. सदतिसावा, अडतिसावा, एकोणचाळिसावा. मी रोज सकाळी साहेबांकडे जाऊन विचारायचो, कधी निघायचं? ते चिडले. "बर्फ मी पाडलंय का?" म्हणाले. मी घरी पत्र लिहिलं, पण पत्र बाहेर जाणार कसं? मग मी छपरांवर जाऊन लोकांबरोबर बर्फ उपसायला लागलो. हाताला काम होतं तेवढा वेळ बरं वाटायचं. खाली उतरलो की पुन्हा तेच. पांढऱ्या बर्फात मला पिवळी पानं दिसायची.

चव्वेचाळिसाव्या दिवशी आम्हाला पायी जाता येईल अशा एका घरी नेलं. लाकडाच्या वाट्यांवर झाडाच्या चिकाचं रोगण चढवणारं घर. कारागीर स्वतः दुसऱ्या गावी गेला होता आणि माझ्यासारखाच बर्फात अडकला होता. घरात त्याची बायको होती, पन्नाशीची, बाह्या दोरीनं वर बांधलेली. तिनं आम्हाला एक बंद कपाट दाखवलं. आतून ओलं केलेलं. हे रोगण उन्हात वाळत नाही म्हणे, त्याला वाळायला दमट हवा लागते. ते ऐकून मी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. जरा जास्त राहिलं किंवा जरा कमी, तर वरचा वर्ख धरत नाही. बाहेर कधी काढायचं, त्याची वेळ नेमकी साधावी लागते.

तिनं कपाटातून एक वाटी काढली, तिच्यावर तोंडातली वाफ सोडली आणि उजेडाकडे धरून पाहिली. परत आत ठेवली. दुसरी काढली, वाफ सोडली, पाहिली, ती बाहेर ठेवली.

मी दुभाष्याला म्हटलं, "इसको पूछो, मालिक जाते वक्त क्या बोल के गया?"

त्यानं विचारलं. ती हसली.

"मी येईपर्यंत कपाट उघडू नकोस, असं सांगितलं होतं."

"मग?"

"वाटी त्यांचं ऐकत नाही," ती म्हणाली आणि पुढची वाटी काढली.

सगळे हसले. मला मात्र हसता आलं नाही. कारण माझी बायको असं करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिला झाडाचं कळत नाही म्हणून नव्हे. तिला वेळ माझ्यापेक्षा आधी कळली असणार. रोज पहाटे जाऊन ती गळलेली पानं वेचत असणार, फांदीचं टोक नखानं खरवडून आत हिरवं आहे का पाहत असणार, आणि परत फिरत असणार. कारण मी मजुरांसमोर तिला तसं बोललो होतो. माझी झाडं बर्फामुळे मरत नव्हती. ती माझ्या तोंडामुळे मरत होती.

मी तिथून निघालो तो बूट नीट न घालताच. दुभाष्या मागे धावत आला. तारघर चालू होतं. मी रोमन लिपीत मराठी तार लिहून घेतली, त्याच्याकडून दोनदा तपासून घेतली: पाणी सोड, माझी वाट पाहू नको.

आता गावात तार येणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे तार एकाच गोष्टीची येते. तार आली म्हटलं की आधी चूल विझवतात, मग वाचायला माणूस शोधतात. मला हे सगळं माहीत होतं. पण त्या क्षणी मला झाडांपलीकडे काही सुचलं नाही. तारघरातून बाहेर पडलो आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. बायकोचा विचारच माझ्या मनात आला नाही. हे लिहिताना आजही कसंतरी होतं.

पुढे रस्ते उघडले, गाड्या सुरू झाल्या, विमान मिळालं. अठ्ठावन्नाव्या दिवशी सकाळी मी धामणगावच्या स्टँडवर एसटीतून उतरलो. पानटपरीवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. लहानपणापासूनचा एक दोस्त समोरून येत होता, तो जागच्या जागी थांबला. जवळ येऊन त्यानं माझा दंड दाबून पाहिला.

"जित्ता हायस ना बे तू?"

"काऊन? काय झालं?"

"काई नाई. तार आल्ती तुही, वाट पाहू नको म्हणून. आमी त रडलोबी."

पिशवी त्याच्याच हातात देऊन मी शेताकडे सुटलो. नाल्याजवळ आमचा म्हातारा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, भेटला. त्यानं मला पाहून हात जोडले, मग डोळे पुसले, आणि चालता चालता सगळं सांगितलं.

तार घेऊन मोताळ्याहून सायकलवर माणूस आला तेव्हा दुपार होती. इंग्रजी अक्षरं वाचणारे एकच मास्तर गावात, ते रोहिणखेडला लग्नाला गेलेले. एक माणूस त्यांना आणायला धावला. तोवर बायका घरी जमल्या. कोणी विमान पडलं म्हणालं, कोणी बर्फात गाडला म्हणालं. कोणीतरी माझ्या बायकोच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. थोड्या वेळानं ती उठली, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि कोणाशी न बोलता शेताकडे निघाली.

"मी मागंमागं धावलो," सालदार म्हणाला. "मले वाटलं, विहिरीत उडी घेते. त म्हणे, विहिरीवरचं इंजन लाव. मी म्हणलं, बाई, घरात असं अन् तुमी पाणी ओलता? लोक काय म्हणतीन? त म्हणे, लाव. मी लावलं. दिवस बुडेपर्यंत ओलत व्हत्या. मास्तर तार वाचून पयत पयत थेट वावरातच आले. बाई, पाणी सोड म्हणून लिवलं हाय, म्हणे. तवा बाईच्या पायाखाली चिखल व्हता."

"मग ती काय म्हणाली?"

"काई नाई. खाली बसल्या. मंग उठून राह्यलेलं ओललं."

बागेत शिरलो. नाल्याकडच्या हलक्या जमिनीतली अकरा झाडं गेली होती, ते लांबूनच दिसलं. बाकीच्यांच्या शेंड्यांवर थोडीथोडी सल. पण खाली, प्रत्येक फांदीवर नवी फूट आणि तिच्यात कण्यांएवढ्या पांढरट कळ्या. मला आनंद झाला. ती एका आळ्यात बसून वाळक्या काड्या छाटत होती. मला पाहून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. डोळे भरून आले तशी परत खाली बसून कात्री चालवायला लागली.

मी समोर बसलो. मला माफी मागायची होती आणि तोंडातून भलतंच निघालं.

"तार आली नसती त?"

"वाळली असती," ती म्हणाली. "तुमी येइस्तोवर हात नाई लावाचा, असं सांगून गेल्ते ना."

"पण वाचायच्या आधीच त पाणी सोडलं तू."

तिनं हातातली काडी तोडून बाजूला टाकली.

"तुमी गेले, असंच वाटलं मले. मंग कोणाले भेऊ?"

पाय नेहमीप्रमाणे उठायला बघत होते, कुठेतरी जायला, इंजन पाहायला, नाल्याकडची झाडं मोजायला. मी त्यांना उठू दिलं नाही. तिच्या बाजूची सल काढायला लागलो.

त्यानंतर दर हिवाळ्यात पहिलं पाणी तीच सोडते. केव्हा सोडणार, हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. मी बांधावर बसतो. उठावंसं फार वाटतं, पण बसतो.